कळलावी

परवा रविवारी मोगऱ्याचं रोप आणायला म्हणून बायकोबरोबर नर्सरीत गेलो होतो. मोगरा घेतला, शेणखताची पिशवी घेतली, पैसे द्यायला निघालो तर कोपऱ्यात एक कुंडी दिसली. काठीला धरून चढलेला नाजूक वेल आणि त्याला तीन फुलं. पाकळ्या वर उलटलेल्या, कडा झालरीसारख्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. चुलीतला जाळ कुणी देठाला टांगून ठेवावा तसं फूल. पाटीवर लिहिलेलं, 'ग्लोरी लिली, रु. २५०'.

"किती सुंदर आहे! घेऊ या," बायको म्हणाली आणि हात पुढे केला. माझा हात मात्र आपसूक मागे गेला.

"ही कळलावी आहे. घरात नको."

"का? भांडणं होतील? आता कुठली व्हायची राहिलीत?"

नर्सरीवाला हसला, मीही हसलो, आणि आम्ही मोगरा घेऊन घरी आलो. पण रात्री झोप काही लागेना. एवढी वर्षं पुण्यात काढून, चार पुस्तकं वाचून, एका फुलाला हात लावायला मी कचरतो म्हणजे काय? म्हणून हे लिहायला बसलो. आमच्या घरातले जे कुणी हा ब्लॉग वाचतात, त्यांना माझं लहानपणीचं दुसरं नाव माहीत आहेच. बाकीच्यांना आता सांगतो. मला मुखेडला सगळे 'कळलाव्या' म्हणत.

ते झालं असं. साल १९७९, श्रावण. मी नऊ वर्षांचा. पावसाळ्यात आमच्या मुखेडच्या आजूबाजूचं माळरान ओळखू येत नाही. उन्हाळ्यात नुसता दगड आणि बाभळी. बालाघाटाचे डोंगर म्हणायचे म्हणून डोंगर. पण दोन-तीन चांगले पाऊस झाले की कुपाट्यांमधून काय काय वर येतं. त्यातच ही कळलावी. हिला स्वतःचं खोड असं फारसं नसतंच, पण पानाची टोकं लांब होऊन गोल वळतात आणि त्या आकड्यांनी ही शेजारच्या बाभळीला, बोरीला धरून वर चढते. फूल उमलतं तेव्हा हिरवट पिवळं, मग नारिंगी, मग लाल. एकाच वेलावर तिन्ही रंग दिसतात. नऊ वर्षांच्या पोराला हे सगळं सोडून शाळेत जावंसं कसं वाटेल?

मी पाच-सहा फुलं तोडून घरी आणली. सोमवार होता, आजी महादेवाच्या पूजेची तयारी करत होती. मला वाटलं, देवाला वाहील, शाबासकी देईल. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि हातावर असा फटका मारला की फुलं अंगणभर झाली. मग मला ओढत न्हाणीत नेलं. राखेनं हात घासले. एकदा, दोनदा, तीनदा. "तोंडात घातलास का? खरं सांग. तोंडात घातलास का रे?" मी रडत नाही नाही म्हणत होतो. तिचा स्वतःचा हात थरथरत होता, हे मला आजही दिसतं. काकू दारातून म्हणाली, "घरात कळलावी आणलीस व्हय? आता बघ, कळ लागती का नाही घरात."

आणि कळ लागली. त्याच संध्याकाळी बाबा आणि काका यांच्यात विहिरीवरच्या मोटरीच्या पाळीवरून जुंपली. आवाज वाड्याबाहेर गेला. गौरी-गणपती झाले तेव्हा घरात दोन चुली होत्या. दिवाळीत अंगणात दोरी आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या दोरीच्या जागी भिंत. माझ्या चुलत भावानं (आता तो मोठा माणूस आहे, नाव घेत नाही, पण तो हे वाचणार हे मला माहीत आहे!) गल्लीभर सांगितलं की यानं कळलावी आणली म्हणून आमच्या वाटण्या झाल्या. झालं, मी 'कळलाव्या' झालो. लग्नकार्यात, जेवणावळीत, 'अरे कळलाव्या, इकडं ये' अशी हाक यायची आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. पण दहावीपर्यंत तरी मला मनातून पक्कं वाटत होतं की भिंत माझ्यामुळं झाली. देवासमोर मी फार वेळा माफी मागितली आहे. पाढ्यांपेक्षाही जास्त.

असो. शब्दाकडे येतो, कारण रात्री झोप उडाल्यावर मी उठून कोश काढले. (हा माझा जुना रोग.)

मराठीत 'कळ' हा शब्द भलताच कामसू आहे. विजेची कळ दाबतात. पोटात कळ येते. कुणाची कळ काढली म्हणजे खोडी काढली, पण 'जरा कळ काढ' म्हणजे थोडं सोस, थांब. कळ लावणं म्हणजे दोघांत भांडण लावून देणं, आणि ते काम करणारा तो कळलाव्या, नाहीतर कळीचा नारद. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची, आणि आता तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. ज्यांना शब्दांची हौस आहे त्यांनी रात्री उघडू नये, सकाळ होते.

भांडणाचा अर्थ काही मराठीनं नव्यानं शोधलेला नाही. संस्कृतातही हिला 'कलिकारी' म्हटलेलं आहे. कली म्हणजे भांडण, ते करणारी ती कलिकारी. 'कलिहारी' असंही नाव आहे, हिंदीत तेच चालतं. म्हणजे काकू जे दारातून बोलली त्याला चांगला जुना आधार होता म्हणायचा!

बाकीची संस्कृत नावं वाचताना मजा येते. 'अग्निशिखा' हे तर फूल बघून कुणीही ठेवेल. 'लांगली' आणि 'हलिनी' ही नावं मात्र ठेवणाऱ्यानं जमीन खणून बघितली होती, कारण हिचा गड्डा जमिनीखाली दोन फाट्यांचा, वाकलेला, अगदी नांगरासारखा असतो. लांगल म्हणजे नांगर. आपला 'नांगर' हा शब्दही त्या 'लांगल'चाच. आणि मग येतात 'विशल्या' आणि 'गर्भनुत्'. शल्य म्हणजे शरीरात रुतलेला बाण, काटा. ते बाहेर काढणारी ती विशल्या. गर्भनुत् म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. इथं आलो की लक्षात येतं, 'कळ' म्हणजे भांडण एवढंच नाही. बाळंतकळाही कळाच. अडलेल्या बाईला कळा लावणारी ती कळलावी.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत हिचा गड्डा उपविषांत मोजलेला आहे, धोतरा, कण्हेर, गुंज, रुई यांच्या पंगतीला. बाळंतपणात हिचा लेप बाहेरून लावायचं सांगितलेलं आहे, आणि खेड्यापाड्यांतल्या सुइणींना ही मुळी माहीत असायची. पोटात गेली तर ही काय करते ते आता नीट कळलेलं आहे. हिच्या गड्ड्यात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं विष असतं. शरीरातल्या पेशी एकाच्या दोन होताना आत बारीक धाग्यांची एक चौकट उभी राहते; कोल्चिसिन ती चौकट उभीच राहू देत नाही. म्हणून ज्या पेशी सतत नव्या होतात, आतड्याच्या, रक्त तयार करणाऱ्या मज्जेच्या, केसांच्या मुळांच्या, त्यांच्यावर पहिला घाव. काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, अगदी पटकी झाल्यासारखे. जगला वाचला तर आठ-पंधरा दिवसांनी डोक्यावरचे केस जातात. यावर हमखास उतारा असा नाही. तेच कोल्चिसिन डॉक्टर अगदी मोजून-मापून गाउटच्या दुखण्याला देतात, आणि तमिळनाडूत शेतकरी कळलावीची चक्क शेती करतात, बिया औषधासाठी विकायला. तिथं तर ते राज्याचं फूल आहे.

कोल्चिसिन हे नाव कुठून आलं? १८२० साली पेल्तिए आणि कावेंतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कोल्चिकम नावाच्या युरोपातल्या एका फुलझाडातून वेगळं काढलं. (क्विनाइनही त्याच वर्षी त्याच दोघांनी काढलं.) आणि कोल्चिकम हे नाव कोल्चिस या देशावरून. काळ्या समुद्राच्या पूर्वेचा किनारा, आताचा जॉर्जिया. ग्रीक पुराणातली मेडिया तिथली. औषधं आणि विषं जाणणारी, नवऱ्यानं दगा दिला म्हणून स्वतःची लेकरं मारणारी. म्हणजे त्या नावाच्या बुडाशीही एक घर, एक भांडण आणि एक बाई आहेच.

थोडं आणखी विषयांतर. मराठीत हिला काही ठिकाणी 'खड्यानाग' म्हणतात, गुजरातीत 'दूधियो वछनाग'. हा नाग कुठून आला? तर बचनाग हे हिमालयातलं दुसरंच एक जहाल विष, त्याचं मूळ नाव 'वत्सनाभ'. त्याचा कंद वासराच्या बेंबीसारखा दिसतो म्हणून. वत्साचं 'बच' झालं आणि नाभीचा झाला नाग! विष म्हटल्यावर बेंबीपेक्षा नागच बरा वाटला असणार लोकांना. तेलुगूत मात्र कळलावीला 'अडवीनाभी' म्हणतात, रानातली नाभी. आमच्याकडून देगलूर ओलांडून पुढं गेलं की तेलुगू सुरू होतं, म्हणजे एका बसच्या अंतरावर बेंबी शाबूत आहे. मला हे फार आवडलं. बायकोला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं तर ती म्हणाली, रात्री दोन वाजता दिवा त्यासाठी चालू होता का?

तर भांडणाचा अर्थ माझ्या वाट्याला आला होता तो २०११ मध्ये सुटला. बाबा गेले त्यानंतर त्यांची लोखंडी पेटी उघडली. सात-बारा, सोसायटीच्या पावत्या, माझी दहावीची गुणपत्रिका, आणि त्याखाली वाटणीपत्राचा एक कच्चा कागद. स्टँपपेपर घेतल्याची तारीख एप्रिल १९७९. मी फुलं आणली श्रावणात. म्हणजे चार महिने आधीच दोघं भाऊ कचेरीत जाऊन आले होते! आजोबा १९७६ ला गेल्यापासून धुसफूस होतीच म्हणे, मोटर हे निमित्त. मी तो कागद हातात घेऊन किती तरी वेळ तसाच बसलो. एकेचाळीस वर्षांचा होतो. हसायचं का रडायचं ते कळेना. मोठ्यांना ठाऊक होतं की, मग 'कळलाव्या' म्हणून हाक मारताना एकालाही वाटलं नाही की या पोराला सांगावं? काकांना विचारायचं होतं, पण त्यांची तब्येत तेव्हा बरी नव्हती. राहून गेलं ते राहूनच गेलं.

आणि एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. आजीनं मला त्या नावानं कधीच हाक मारली नाही. दुसऱ्या कुणी मारली की ती म्हणायची, "त्याला त्या नावानं बोलवू नका." तेव्हा वाटायचं, नातू म्हणून माया. १९९६ ला ती गेली.

दुसरा अर्थ कळला तो २०२२ मध्ये. श्रावणातच मुखेडला गेलो होतो. आत्या माहेरपणाला आलेली. मी सहज मोबाइलवर काढलेला कळलावीचा फोटो तिला दाखवला. दशरथेश्वराच्या देवळाकडून फिरून येताना कुपाटीत दिसली होती. म्हटलं, आत्या, बघ माझी मैत्रीण. आत्या हसली नाही. फोटो बघितला आणि मोबाइल पालथा ठेवला.

"तुला आईनं मारलं होतं ना रे यापायी?"

"मारलं होतं की. भांडणं होतात म्हणून."

"भांडणापायी नाही मारलं तिनं."

मग तिनं सांगितलं. आजीला एक थोरली बहीण होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, कंधारच्या बाजूला त्यांचं गाव. पोलीस ॲक्शनच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट, निजामाच्या राज्यातली. दवाखाना कुठला आणि डॉक्टर कुठला! दोन दिवस बाई अडली. सुईण म्हणाली कळलावी लागेल. पावसाचे दिवस, बाप्ये शेतात, घरात बायका. मग ज्या पोरीला कुपाटी ठाऊक होती तिला पाठवलं. ती पोर म्हणजे माझी आजी. तेरा-चौदा वर्षांची. लग्न झालेलं, पण नांदायला गेली नव्हती.

"खंदून आणली तिनंच. पळत गेली, पळत आली. पदरात घालून."

"मग?"

"मग काय. पोटात दिली का बाहेरून लावली ते तिला माहीत नाही, पोरीबाळींना आत येऊ देत नव्हते. रात्री उलट्या, हगवण. उजाडायच्या आत दोघं गेले. लोक म्हणले पटकी झाली."

मी आत्याला म्हटलं, दोन दिवस अडलेली बाई त्या काळात मुळीशिवायही गेली असती. रक्तस्राव, जंतू, काहीही. मुळीनंच गेली असं म्हणता येत नाही. आत्या म्हणाली, "मी पण तेच म्हणले होते तिला. ती म्हणली, तू नव्हतीस गेली आणायला."

हे आजी आत्याजवळ बोलली ते १९७३ मध्ये, आत्याच्या पहिल्या बाळंतपणात. आत्याही माहेरी आलेली, मुखेडला. तीही अडली. रात्रभर झाल्यावर सुईण काहीतरी पुटपुटली, आणि एरवी कुणाला अरे-तुरे न करणाऱ्या माझ्या आजीनं तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. कापसाचे दिवस होते. नांदेडला कापूस घेऊन निघालेला एक ट्रक तिनं रस्त्यात उभा राहून थांबवला, आणि आत्याला गाद्यागिरद्यांसकट त्यात घालून नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्या रस्त्यानं, त्या ट्रकमधून! माझा आतेभाऊ तिथं जन्मला. सध्या लातूरला असतो, त्याचं वजन नव्वद किलो आहे आणि त्याला ही गोष्ट मी सांगेपर्यंत माहीत नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाळ झाल्यावर, आजी पहिल्यांदा आणि शेवटचं बोलली.

म्हणजे सहा वर्षांनी मी अंगणात फुलं घेऊन उभा राहिलो तेव्हा तिनं काय बघितलं असेल? काकू म्हणाली कळ लागेल, आजीनं तिला दुजोरा दिला नाही, पण खोडूनही काढलं नाही. नऊ वर्षांच्या पोराला भांडणाचा अर्थ सांगता येतो. दुसरा कसा सांगणार? तो तर मोठ्या माणसांनाही सांगत नव्हते. मला वाटतं आपल्याकडं बायकांच्या पुष्कळ गोष्टींवर असं एखादं सोपं, सांगण्यासारखं झाकण घातलेलं असतं. फूल घरात आणलं तर भांडण होतं, एवढं म्हटलं की पोरं हात लावत नाहीत, काम भागतं. हे झाकण कुणीतरी मुद्दाम घातलं असं मी म्हणत नाही, कलिकारी हे नाव जुनंच आहे. पण आमच्या घरात मात्र ते तसंच वापरलं गेलं. आणि त्याखाली एकाच घरात दोघं, एक आजी आणि एक नातू, दोघांनाही वाटत राहिलं की आपण आणलं म्हणून झालं. माझ्याजवळ निदान स्टँपपेपर आला.

मी आत्याला विचारलं, त्या बहिणीचं नाव काय होतं? आत्याला आठवेना. आई नुसतं 'अक्का' म्हणायची, म्हणाली. आजीच्या माहेरच्या कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून मला कळवा. हे वाचणाऱ्यांत त्या बाजूचे दोघं-तिघं आहेत.

काल संध्याकाळी आत्याला फोन लावला. नर्सरीची गोष्ट सांगितली. म्हटलं, घेऊ का नको? मला वाटलं, ओरडेल.

"अडीचशे रुपये? त्या कुपाटीतल्या वेलाला?" तिला तेच आधी खटकलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्याकडं शेजारची लहान लेकरं येतात का?"

"येतात. समोरची दोन आहेत."

"मग उंचावर टांग. आणि गड्डा तू काढ, तिला काढू देऊ नको. हात धू नंतर."

येत्या रविवारी जाऊन आणणार आहे. बायको म्हणते, तोवर विकली गेली असेल.